जॉन लोगी बेअर्ड : तबकडीत अडकलेलं चित्र

टेलिव्हिजनचा शोध कोणी लावला? उत्तर : जे. एल. बेअर्ड. जनरल नॉलेजच्या पुस्तकातला हा प्रश्न आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाठ केला आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे प्रश्न इंग्रजीत असायचा, पण उत्तर हेच, एका ओळीचं. होस्टेलमध्ये एमपीएससीची तयारी करणारे आमचे सीनियर्स आजही ही ओळ पाठ करतात.

पण मित्रांनो, या एका ओळीत दोन गोष्टी राहून जातात. पहिली म्हणजे, आज आपण ज्या तत्त्वावर टीव्ही बघतो ते तत्त्व बेअर्डचं नाहीच. दुसरी म्हणजे, व्हिडिओ डिस्क नावाची वस्तू दुकानात मिळायला लागली त्याच्या पन्नासेक वर्षं आधी याच माणसाने हलतं चित्र तबकडीवर उतरवून ठेवलं होतं. गंमत अशी की त्या तबकडीतून बघण्यासारखं चित्र त्याला स्वतःला कधी काढता आलं नाही. ते निघालं तो गेल्यानंतर पस्तीसेक वर्षांनी. टीव्हीवाला बेअर्ड सगळ्यांना माहीत आहे. या लेखात तबकडीवाल्या बेअर्डची ओळख करून द्यायची आहे.

बेअर्डचा जन्म ऑगस्ट १८८८ मधला, स्कॉटलंडमधल्या हेलन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. चार भावंडांत हा सगळ्यांत धाकटा. अगदी लहानपणी मोठं आजारपण झालं आणि तेव्हापासून प्रकृती तोळामासाच राहिली. थंडी तर त्याला अजिबात सोसायची नाही, आणि जन्म झाला तो स्कॉटलंडमध्ये! पण डोकं भारी चालायचं. पोरवयातच त्याने आपल्या घरापासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं. एकदा वादळात रस्त्यावरची तार खाली लोंबली आणि एक घोडागाडीवाला तिच्यात अडकून खाली पडला, असं सांगतात. एक्स्चेंज तिथेच बंद झालं. मग पठ्ठ्याने घरात डायनॅमो बसवून विजेचे दिवे लावले.

पुढे ग्लासगोच्या टेक्निकल कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं आणि तिथून डिग्रीसाठी ग्लासगो युनिव्हर्सिटीत गेला. तेवढ्यात १९१४ साल उजाडलं, पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि डिग्री राहिली ती राहिलीच. सैन्यात जायला निघाला तर प्रकृतीमुळे नापास. शेवटी क्लाइड व्हॅली इलेक्ट्रिकल पॉवर कंपनीत नोकरी धरली. काम म्हणजे कुठे वीज गेली की रात्री-बेरात्री थंडीपावसात जाऊन दुरुस्ती करून घ्यायची. चंद्रपुरात वीज खात्यात ज्यांचे वडील-काका आहेत त्यांना हे काम काय असतं ते वेगळं सांगायला नको. याच नोकरीत त्याने एकदा कार्बनच्या कांडीतून प्रचंड करंट सोडून हिरा तयार करायचा प्रयोग केला म्हणतात. हिरा काही मिळाला नाही, पण आजूबाजूच्या भागातली वीज मात्र गेली. साहेब खूश झाले नसणार हे उघड आहे.

त्यानंतरची काही वर्षं वाचताना हसू येतं. पाय सतत गार पडतात म्हणून त्याने ओल शोषणारे मोजे काढले, आणि ते चक्क खपले. त्या पैशांवर १९१९ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला जाऊन जॅमचा कारखाना टाकला. तिथे जॅमवर किड्या-मुंग्यांचा असा काही हल्ला व्हायचा की धंदा गुंडाळून परत यावं लागलं. मग साबण विकला. गंजणार नाही असा काचेचा वस्तरा केला, तो फुटला आणि गालाला लागलं. चालताना हलकं वाटावं म्हणून बुटात फुगे भरले, ते चालता चालता फुटले. आपल्याकडे अशा माणसाला घरचे लोक म्हणतील की बाबा रे, एक काहीतरी धड कर.

१९२३ मध्ये तब्येत पार ढासळली म्हणून तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जला हवापालटासाठी गेला. वय चौतीस. नोकरी नाही, खिशात फार पैसे नाहीत. आणि इथेच त्याने ठरवलं की दूरवर चित्र पाठवायचं यंत्र करायचं.

कल्पना त्याची नव्हती. पॉल निपकोव्ह या जर्मन माणसाने १८८४ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. एक गोल चकती घ्यायची, तिच्यावर सर्पिलाकार ओळीत भोकं पाडायची. चकती फिरली की प्रत्येक भोक समोरच्या दृश्याची एक-एक रेषा बघून जातं. त्या रेषेवरचा उजेड कमी-जास्त होतो, तसा फोटोसेलमधला करंट कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाला तशीच चकती त्याच वेगाने फिरवायची आणि तिच्यामागे निऑनचा दिवा त्या करंटप्रमाणे उजळवायचा. डोळ्याला सगळ्या रेषा एकत्र दिसतात आणि चित्र तयार होतं. तत्त्व इतकं सोपं आहे की आपल्या फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्येही करता येईल. पण निपकोव्हच्या काळात इतका क्षीण करंट मोठा करणारा अॅम्प्लिफायरच नव्हता. बेअर्डच्या काळात व्हॉल्व्ह आले होते.

त्याचं पहिलं यंत्र म्हणजे भंगाराचा नमुना होता. चहाचं खोकं, टोपीचा डबा, रफू करायच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं, लाख आणि डिंक. १९२४ च्या सुरुवातीला त्यातून आकृतीची नुसती सावली पलीकडे गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याला हजार व्होल्टचा शॉक बसला. हात भाजला, जीव वाचला. घरमालकाने मात्र जागा खाली करायला सांगितली. (रूममध्ये हीटर लावणाऱ्यांनी इथे बोध घ्यावा.)

मग बिऱ्हाड लंडनला, सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवर माळ्याच्या खोल्यांत. सावली जमली होती, पण चेहरा यायला काळ्या-पांढऱ्यामधल्या सगळ्या छटा लागतात. त्यासाठी उजेड इतका लागायचा की जिवंत माणूस त्या झोतापुढे बसूच शकत नव्हता. म्हणून बेअर्डने एका बाहुल्याचं डोकं वापरलं. त्याचं नाव स्टूकी बिल. दिव्यांच्या उष्णतेने बिचाऱ्याचे केस करपले आणि रंगाला तडे गेले. २ ऑक्टोबर १९२५ रोजी बिलचा चेहरा पडद्यावर नाक-डोळ्यांसकट दिसला. बेअर्ड धावत खाली गेला आणि खालच्या ऑफिसातल्या पोऱ्याला, विल्यम टेंटनला, वर ओढून आणलं. त्याला झोतापुढे बसवून हा पलीकडे बघायला गेला, तर पडदा कोरा! गरमी सहन न होऊन पोरगा मागे सरकला होता. बेअर्डने त्याच्या हातावर अर्धा क्राउन ठेवला आणि पुन्हा बसवलं. टीव्हीवर दिसलेला पहिला माणूस असा पैसे देऊन बसवावा लागला. २६ जानेवारी १९२६ रोजी बेअर्डने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना आणि टाइम्सच्या बातमीदाराला त्याच माळ्यावर बोलावून प्रयोग दाखवला. जनरल नॉलेजच्या पुस्तकातली ती एक ओळ इथून आली.

आता तबकडीकडे येऊ. बेअर्डचं चित्र अवघ्या ३० रेषांचं होतं. त्यामुळे त्याच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बरीचशी आवाजाच्याच पट्ट्यात बसायची. तो सिग्नल हेडफोनला जोडला तर चक्क ऐकू यायचा, एक प्रकारची गुरगुर. समोरचा चेहरा बदलला की गुरगुर बदलायची. बेअर्डच्या डोक्यात लगेच पुढची कल्पना आली. जे ऐकू येतं ते ग्रामोफोनच्या तबकडीवर रेकॉर्ड करता येतं, मग चित्र का नाही? १९२६ मध्येच त्याने यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि या प्रकाराला नाव दिलं फोनोव्हिजन.

अडचणी दोन होत्या. त्या काळची तबकडी वरच्या फ्रिक्वेन्सी पकडू शकत नव्हती. म्हणून त्याने वेग कमी केला. प्रसारणात तो सेकंदाला साडेबारा चित्रं दाखवायचा, तबकडीसाठी ती साधारण चारवर आणली. दुसरी अडचण वेळ साधण्याची. पलीकडची चकती कॅमेऱ्याच्या चकतीशी अगदी जुळवून फिरली नाही तर चित्र विस्कटतं. म्हणून त्याने चकती आणि तबकडी यांत्रिक जोडणीने एकत्र बांधल्या. तबकडीचा एक फेरा झाला की बरोबर तीन चित्रं. कागदावर हे उत्तम होतं. प्रत्यक्षात मोटरची थरथर, गिअरचा खडखडाट आणि वेगातला हेलकावा हे सगळं चित्राच्या जोडीने खाचेत कोरलं गेलं. आवाजात असा दोष आला तर कान तो चालवून घेतो, डोळा घेत नाही. चारचौघांसमोर दाखवावं इतकं चांगलं चित्र काही तबकडीतून निघेना. सप्टेंबर १९२७ ते मार्च १९२८ या काळातल्या काही तबकड्या मागे राहिल्या आणि बेअर्डने तो नाद सोडला.

नाद सोडायला त्याला कारणही होतं, कारण याच काळात तो घोड्यावर होता. मे १९२७ मध्ये त्याने टेलिफोनच्या तारेवरून लंडनहून ग्लासगोला चित्र पाठवलं. अंतर ४३८ मैल, म्हणजे रेल्वेने वर्धा ते मुंबई याहून थोडं कमी. फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनहून अटलांटिकपार न्यूयॉर्कजवळ चित्र पोचवलं. त्याच उन्हाळ्यात रंगीत टीव्ही दाखवला, थ्रीडी टीव्हीही दाखवला. ३० सप्टेंबर १९२९ पासून त्याच्या पद्धतीने बीबीसीच्या ट्रान्समीटरवरून प्रसारण सुरू झालं. १९३० मध्ये टेलिव्हायजर नावाचा त्याचा सेट दुकानात आला. पडदा जेमतेम काडेपेटीएवढा, चित्र नारिंगी आणि उभट. १९३१ मध्ये डर्बीची घोड्यांची शर्यत टीव्हीवर दाखवली. त्याच वर्षी मार्गारेट अल्बू या पियानोवादक तरुणीशी त्याचं लग्न झालं.

तबकडीची कल्पना मात्र मेली नव्हती. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात मेजर रेडिओव्हिजन नावाची तबकडी विकायला आली. तिच्यावर स्थिर चित्रं होती. ग्रामोफोनवर लावायची आणि आपला ३० रेषांचा सेट नीट चालतो का ते घरच्या घरी बघायचं. घरी नेऊन लावायची दुकानातली व्हिडिओ डिस्क ही अशी सुरू झाली. पण तिचं आयुष्य किती असणार? सप्टेंबर १९३५ मध्ये ३० रेषांचं प्रसारणच बंद झालं.

कारण तोवर इलेक्ट्रॉनिक टीव्ही आला होता. अमेरिकेत फिलो फार्न्सवर्थ आणि व्लादिमिर झ्वोरिकिन, इंग्लंडमध्ये आयझॅक शोनबर्ग यांची ईएमआयची टीम. यांच्या यंत्रात फिरणारी चकती नव्हतीच. इलेक्ट्रॉनचा झोत निर्वात नळीत चित्र वाचत आणि लिहीत होता. बीबीसीने नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून दोन्ही पद्धतींचा सामना लावला. एक आठवडा बेअर्ड कंपनी, एक आठवडा मार्कोनी-ईएमआय. बेअर्डच्या बाजूने २४० रेषा, समोरून ४०५. बेअर्ड कंपनीचा मुख्य कॅमेरा जमिनीला बोल्टने पक्का केलेला. तो आधी फिल्मवर चित्र घ्यायचा, फिल्म तिथल्या तिथे मिनिटभरात डेव्हलप व्हायची आणि ओली असतानाच स्कॅन व्हायची. ईएमआयवाले आपला कॅमेरा ढकलत कुठेही न्यायचे. त्यातच ३० नोव्हेंबरला लंडनचा क्रिस्टल पॅलेस आगीत भस्मसात झाला आणि तिथली बेअर्ड कंपनीची प्रयोगशाळाही जळाली. फेब्रुवारी १९३७ मध्ये बीबीसीने बेअर्डची पद्धत कायमची बंद केली.

हा निकाल अन्यायाचा होता असं मला वाटत नाही. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत, ४०५ आणि २४० यांतलं काय निवडायचं हे आपल्याला कळतं. पण ज्याचं नाव टीव्हीला जोडलेलं आहे त्याला त्याच टीव्हीतून बाहेर पडावं लागलं, हे खरंच आहे. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, बीबीसीचा टीव्ही बंद पडला आणि बेअर्डची कंपनी बुडाली. तरी तो थांबला नाही. स्वतःच्या पैशाने, दोन-चार माणसं घेऊन घरच्या प्रयोगशाळेत रंगीत टीव्हीवर काम करत राहिला. १९४४ मध्ये त्याने टेलिक्रोम नावाची रंगीत पिक्चर ट्यूब दाखवली, आणि ती पूर्ण इलेक्ट्रॉनिक होती. ज्या तंत्राने त्याला हरवलं तेच तंत्र तो पन्नाशी ओलांडल्यावर नव्याने शिकला होता. मला त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. ७ जून १९४६ रोजी बीबीसीचा टीव्ही युद्धानंतर पुन्हा सुरू झाला. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १४ जूनला, वयाच्या ५७ व्या वर्षी बेअर्ड वारला. त्याला हेलन्सबर्गलाच पुरलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण कोणीतरी त्या तबकड्या फेकल्या नव्हत्या. १९८० नंतर डोनाल्ड मॅक्लीन या इंजिनिअरने त्यांतला सिग्नल कॉम्प्युटरवर घेतला. मोटरची थरथर, वेगाचा हेलकावा, सगळं त्याने ओळखून काढलं आणि एकेक रेषा आपल्या जागी सरकवली. तबकड्या वाजवून बघणाऱ्याला जो खडखडाट ऐकू आला असता, त्यातून १९२७ सालचा स्टूकी बिल बाहेर आला. मार्च १९२८ च्या तबकडीतून मिस पाउन्सफर्ड नावाची बाई आली, डोकं हलवत. पुढे १९९० नंतरच्या दशकात आणखी एक तबकडी सापडली. एप्रिल १९३३ मध्ये कोणा हौशी माणसाने घरी बसून बीबीसीचा नाचाचा कार्यक्रम अॅल्युमिनियमच्या तबकडीवर उतरवून घेतला होता. त्या काळचे बीबीसीचे कार्यक्रम बीबीसीकडे नाहीत, या घरगुती तबकडीवर मात्र एक आहे.

बेअर्डनंतर व्हिडिओ डिस्क किती आल्या आणि गेल्या! १९७८ मध्ये अमेरिकेत लेझरडिस्क आली, जेवणाच्या ताटाएवढी. लेझरने वाचायची, पण चित्र डिजिटल नव्हे, अॅनालॉग. १९८१ मध्ये आरसीए कंपनीने सीईडी काढली. ती तर बेअर्डसारखीच खाचेची आणि सुईची, फक्त सुई खाचेतली कपॅसिटन्स वाचायची. तीन वर्षांत कंपनीने त्याचे प्लेअर बनवणं बंद केलं. आज परदेशात या दोन्ही जमवणारे शौकीन आहेत, आणि डिस्कपेक्षा चालू प्लेअर आणि सुई शोधण्यातच त्यांचा जीव जातो. लेझरडिस्कच्या आतला अॅल्युमिनियमचा थर तर काही वेळा आपोआप गंजतो. आणि मग १९९३ ची व्हीसीडी. ही आपल्या घरातली. रात्रभरासाठी टीव्ही आणि व्हीसीडी प्लेअर भाड्याने आणायचा, अंगणात लावायचा, लाइट गेली तर जनरेटर, असं आमच्या घरचे लोक सांगतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कित्येक घरांत त्या काळची लग्नाची सीडी असेल. कोणाकडे दिवाळीनंतरच्या मंडईतलं झाडीपट्टीचं नाटक असेल, कोणाकडे आता नसलेल्या आजोबांचा आवाज असेल.

आता एक इंजिनिअरिंगचा मुद्दा. बेअर्डची तबकडी म्हणजे खाच होती, ती शंभर वर्षं टिकते. घरी बर्न केलेल्या सीडीवर रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो उडत जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि त्यानंतर चार महिने पाऊस. शिवाय व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून एरर करेक्शनची बरीचशी जागा चित्रालाच दिलेली असते. म्हणजे ओरखडा पडला की नुकसान थेट चित्राचं. आणि नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नाही. बेअर्डकडे तबकडी होती, वाचणारं यंत्र नव्हतं. आपली गत तीच होऊ घातली आहे, फरक एवढाच की मॅक्लीन येईपर्यंत आपली डिस्क थांबणार नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की आलमारीतला सीडींचा डबा काढा. डिस्क मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. एक्स्टर्नल ड्राइव्ह मिळवा आणि एररला न अडकता पुढे जाणारं सॉफ्टवेअर वापरून पूर्ण इमेज काढून घ्या. चित्र थांबत थांबत आलं तरी चालेल, तेही ठेवा. ते सुधारणारा पुढे कोणी भेटेल. आणि मूळ डिस्क फेकू नका.